सोडा ब्लास्टिंगला आम्हाला बोलावण्याआधी तुळया धुऊ नका

"साहेब, सगळं पंप लावून धुऊन ठेवलंय, तुम्ही फक्त मशीन घेऊन या." फोनवर हे वाक्य आलं की आमचं त्या आठवड्याचं वेळापत्रक कोलमडतं. धुणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. आमचं काम हलकं व्हावं, बिल कमी यावं, एवढंच त्यांच्या मनात असतं. होतं मात्र उलटं, म्हणून हे पत्रक.

आमचं काम कोरडं आहे. कॉम्प्रेसरच्या हवेबरोबर सोड्याचा (खाण्याच्या सोड्याचाच, पण जाडसर) दाणा लाकडावर आपटतो, जागच्या जागी फुटतो आणि फुटताना बुरशीची किंवा काजळीची पापडी उडवून नेतो. ही पापडी आणि तिच्याखालचं लाकूड, दोन्ही कोरडं असेल तरच हे जमतं. ओल्या तुळईवर सोड्याचा लगदा होऊन बसतो. भिजलेल्या लाकडाचे तंतू मऊ पडलेले असतात, त्यामुळे झोत बुरशीबरोबर तेही ओरबाडतो आणि वाशांवर लव उभी राहते. आगीनंतरची काजळी तर तेलकट असते. पाणी मारून ब्रशने घासली की ती निघत नाही, उलट रेषांत मुरते. जी वरच्यावर झटकता आली असती तिच्यासाठी मग लाकूडच तासावं लागतं.

ब्लीचिंगचं पाणी मारणारेही बरेच आहेत. त्याने बुरशीचा रंग उडतो, डोळ्यांना बरं वाटतं. पण औषध वर राहतं आणि पाणी आत जातं. थोड्या दिवसांत बुरशी परत येते.

"अहो, हाताला कोरडं लागतंय की" असं म्हणून भागत नाही. सहा इंची सागवानी तुळई श्रावणात दोन दिवसांत वाळत नाही. वरून खडखडीत असली तरी आत २५ टक्के ओल असू शकते. आमच्या मीटरला दोन टोकदार पिना आहेत, त्या लाकडात खुपसून आम्ही आकडा तुमच्यासमोरच वाचतो. ओल साधारण २० टक्क्यांच्या वर असेल तर बुरशीला पोषक, म्हणून १८ किंवा त्याखाली आल्याशिवाय आम्ही नोझल उघडत नाही. तोपर्यंत कॉम्प्रेसर दारातून परत न्यावा लागतो, आणि त्याच्या भाड्याचा भुर्दंड शेवटी कुणाला तरी पडतोच. आधी येऊन ओल मोजण्याची फी आम्ही घेतो ती एवढ्यासाठीच. काम आम्हाला दिलंत तर ती बिलातून वजा होते.

मग आम्ही येईपर्यंत काय करायचं? खिडक्या, झरोके उघडा. जमिनीवर पंखे लावा, पण वारा लाकडाच्या आडवा जाऊ द्या. हीटर किंवा शेगडी जवळ ठेवू नका, लाकूड तडकतं. भिंतीचा भिजलेला गिलावा फुगला असेल तर तो आधी उतरवा, नाहीतर तुळईचं भिंतीतलं टोक शेवटपर्यंत ओलंच राहतं आणि कुजायला सुरुवात तिथूनच होते. आगीच्या घरात अग्निशमन दलाचं पाणी कडीपाटात मुरलेलं असतं, तेव्हा तिथेही हेच. विमा असेल तर सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत आणि पुराचा पंचनामा होईपर्यंत कशालाच हात लावू नका, फक्त फोटो काढून ठेवा.

कोल्हापुरात २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर बापट कॅम्प, सुतारवाडा, शाहूपुरीच्या बाजूने लगेच या म्हणून फोन येत होते. आम्ही नवरात्रानंतरच्या तारखा सांगितल्या तेव्हा काही लोक चिडले. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांची धोका पातळी ओलांडते त्या दिवसांत हवाच इतकी दमट असते की लाकूड वाळायला जागा नसते. तेव्हा घाईने केलेलं काम दिवाळीपर्यंत पुन्हा काळं पडतं. काजळी आणि जळका कोळसा मात्र थांबवून ठेवू नये. तिथे धूळ ओढणाऱ्या मशीनने कोरडी सफाई आम्ही लगेच सुरू करतो.

उद्यमनगर आणि शिरोलीच्या कारखानदार मंडळींचा एक ठरलेला प्रश्न असतो: "आमच्याकडे शॉट ब्लास्टिंग आहे, वासे तिकडेच टाकू का?" टाकू नका. पोलादी गोळी कास्टिंगवरची वाळू झाडण्यासाठी असते. लाकडात ती खड्डे पाडते, रेषांत अडकते आणि पुढे गंजून डाग देते. वाळूचा झोतही नको. वाळूचा कठीणपणा मोहसच्या मापाने ७, सोड्याचा जेमतेम अडीच. वाळू लाकडाची मऊ रेघ खाऊन कडक रेघ उभी ठेवते, शिवाय तिची धूळ फुप्फुसाला घातक. लाकडावर आम्ही ४० ते ६० पीएसआयवर काम करतो, म्हणजे ट्रकच्या टायरातल्या हवेहूनही कमी. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचं १९८० च्या दशकात नूतनीकरण झालं, तेव्हा आतल्या तांब्यावरचं जुनं डांबर तांब्याला धक्का न लावता सोड्यानेच काढलं होतं.

सोडा तुम्ही आणून द्यायची गरज नाही. किराणा दुकानातला खाण्याचा सोडा पिठासारखा बारीक असतो, तो नोझलमध्ये गच्च बसतो. धुण्याचा सोडा ही तर वेगळीच, जास्त तिखट वस्तू आहे. ब्लास्टिंगचा दाणा जाडसर असतो आणि त्यात गुठळी होऊ न देणारा पदार्थ मिसळलेला असतो. मिनिटाला किलो-दीड किलो जातो आणि फुटलेला दाणा पुन्हा वापरता येत नाही. बिलातला मोठा आकडा तिथलाच.

जळालेल्या तुळईबद्दल थोडं सविस्तर. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हापासून जुन्या वाड्यांचे मालक जास्त चौकशी करतात. जाड लाकूड आगीत मिनिटाला साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर कोळसा होत आत जातं, आणि तोच कोळसा आतल्या लाकडाला उष्णतेपासून आडोसा देतो. त्यामुळे वरून भेसूर दिसणारी तुळई आत चांगली निघू शकते. आम्ही कोळसा आणि त्याखालचा तपकिरी, कमजोर झालेला थर खऱ्या रंगाचं लाकूड लागेपर्यंत उतरवतो. मग उरलेली जाडी मोजता येते. ती वजन पेलेल की नाही हे मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरच सांगेल, आम्ही नाही. आमचा माणूस "काही होत नाही, ठेवा" म्हणाला तरी ऐकू नका.

वास जातो का? बराच. धुराचा थर आम्लधर्मी असतो, वायरिंग जळालं असेल तर जास्तच, आणि सोडा ते आम्ल मारतो. गाद्या, पडदे, गिलावा यांतला वास तिथेच राहतो. सालीजवळच्या पांढऱ्या लाकडात निळसर डाग उतरला असेल तर तोही राहील. वाळवी आणि कुज सोड्याने बरी होत नाही, पण लपलेली असेल तर उघडी पडते. वरचं छप्पर गळत असेल तर आधी कौलं फिरवून घ्या, नाहीतर वर्षभरात पुन्हा आमचंच बिल.

काही लाकडं सोड्याच्या क्षाराने गडद होतात, म्हणून आधी कोपऱ्यात वीतभर नमुना करून दाखवतो. पॉलिश करायचं असेल तर उरलेली भुकटी ओढून घेऊन व्हिनेगरच्या पातळ पाण्याचा पिळलेला फडका फिरवावा लागतो, नाहीतर पॉलिश धरत नाही. हे आमच्या दरात धरलेलं आहे. बोरॅक्स-बोरिकचा, म्हणजे लाकूड राखणाऱ्या औषधाचा, हात वेगळ्या दरात मिळेल. बुरशी आणि वाळवी दोन्हींसाठी तो आम्हाला पटतो, पण ज्या लाकडावर पावसाचं पाणी येतं तिथे तो धुऊन जातो, म्हणून तिथे आम्ही विकत नाही.

कामाच्या दिवशी धूळ प्रचंड उडते. लहान मुलं आणि दम्याची माणसं पाहुण्यांकडे पाठवा, मेन स्विच बंद ठेवा. अंगणातली तुळस आणि कढीपत्त्याची कुंडी आधी हलवा, सोड्याने झाडं मरतात. खाली पडलेली भुकटी आम्ही पोत्यांत भरून नेतो. जुन्या रंगात शिसं असू शकतं, ती भुकटी गटारात सोडली तर जयंती नाल्यातून पंचगंगेतच जाते.

चौकशीसाठी फोटो पाठवलेत तर ओल मोजण्याची तारीख लवकर मिळते. फोटो काढताना लाकडाशेजारी टेप धरा, नाहीतर समोर वासा आहे की तुळई हेच आम्हाला कळत नाही.