बॉइज अँड गर्ल्स (अलाबामा शेक्सचा अल्बम)

अमेरिकेतल्या अलाबामा शेक्स ह्या रॉक बँडचा पहिला अल्बम. एप्रिल २०१२ मधे आला, अमेरिकेत एटीओ रेकॉर्ड्सने काढला आणि ब्रिटनमधे रफ ट्रेडने. गाणी ११, सगळी मिळून साधारण ३६ मिनिटं. गायिका, गिटारिस्ट आणि गाण्यांमागचं मुख्य डोकं ब्रिटनी हॉवर्ड (जन्म १९८८), सोबत बेसवर झॅक कॉकरेल, गिटारवर हीथ फॉग आणि ड्रम्सवर स्टीव्ह जॉन्सन. अल्बमला 'रेट्रो' (म्हणजे जुन्या काळच्या धाटणीचा) हा शिक्का पहिल्या आठवड्यापासून बसला तो आजतागायत निघालेला नाही, तो कितपत बरोबर ह्यावरच बरीच शाई खर्ची पडलीय.

हॉवर्ड उत्तर अलाबामातल्या अथेन्स गावची, वडील कृष्णवर्णीय, आई गोरी. मोठी बहीण जेमी हिने तिला पियानो आणि कविता करायला शिकवलं, ही बहीण १९९८ मधे डोळ्याच्या कॅन्सरने वारली आणि त्याच आजारामुळे हॉवर्डच्याही एका डोळ्याची नजर अधू झाली. कॉकरेलशी ओळख शाळेतली, मानसशास्त्राच्या वर्गातली. दोघं शाळा सुटल्यावर जमून वाजवायचे, त्यात आधी जॉन्सन आला मग फॉग, आणि २००९ च्या सुमारास जवळच्या डेकेटर गावातल्या बारमधे कार्यक्रम सुरू झाले (काही जण बँडची सुरुवात २००८ पासून धरतात, पण चौघं एकत्र स्टेजवर आले ती वेळ धरली तर २००९ च योग्य वाटतं). नाव तेव्हा नुसतं 'द शेक्स' होतं, त्याच नावाचे इतर बँड निघाले म्हणून पुढे अलाबामा जोडलं. पोटापाण्याचे उद्योग सगळ्यांचे वेगळेच, हॉवर्ड पोस्टात, घरोघर टपाल वाटायची, फॉग घरं रंगवायचा, जॉन्सन अणुवीज केंद्रात कामाला.

रेकॉर्डिंग नॅशव्हिलमधल्या द बॉम्ब शेल्टर ह्या छोट्या स्टुडिओत झालं, इंजिनिअर आंद्रिया टोकिच. अथेन्सहून तिथे गाडीने दीड-दोन तास लागतात, तर नोकऱ्या सांभाळून सुट्टीच्या दिवशी जायचं आणि जेवढं होईल तेवढं करून परत यायचं असा प्रकार, आणि अल्बमचं बरंचसं काम कंपनीशी करार व्हायच्या आधीच उरकलं होतं. म्हणजे हा आवाज कुठल्या कंपनीने बाजार बघून ठरवून दिलेला नाही, हे रेट्रोच्या वादात विसरलं जातं. टोकिच कॉम्प्युटरऐवजी टेपवर काम करणारा. टेपवर सिग्नल जोरात सोडला की टेप तो सरळ कापत नाही, हळूहळू दाबते, त्यामुळे ड्रमचा ठोका गोलसर येतो आणि किंचाळलेला स्वरसुद्धा फाटल्यासारखा न वाटता भरल्यासारखा वाटतो. शिवाय सगळे एकाच जागी एकत्र वाजवत असले की गिटारचा आवाज ड्रमच्या माइकमधे शिरतो, ड्रमचा गायिकेच्या, आणि मग नंतर एकेक वाद्य सुटं करून दुरुस्त करता येत नाही. १९६० च्या दशकातल्या रेकॉर्ड्स ऐकायला जशा लागतात त्याचं निम्मं कारण हेच, त्यात सौंदर्यदृष्टी कमी आणि मशीनची मर्यादा जास्त.

आता मूळ वाद. अथेन्सपासून पश्चिमेला साधारण ७० किलोमीटरवर मसल शोल्स आहे, सोल (कृष्णवर्णीय अमेरिकनांचं, चर्चच्या गाण्यातून आलेलं संगीत) ज्यासाठी ओळखलं जातं तो रिक हॉलचा फेम स्टुडिओ तिथलाच. अरीथा फ्रँकलिनने १९६७ मधे तिथे गाजलेलं रेकॉर्डिंग केलं, विल्सन पिकेट, एटा जेम्स तिथे गाऊन गेले, आणि १९६९ मधे तिथल्याच वादकांनी शेजारच्या शेफील्डमधे आपला वेगळा स्टुडिओ काढला. नकाशावर एवढं जवळ म्हटल्यावर समीक्षकांनी बँडला थेट त्या घराण्याचा वारस करून टाकलं, काहींनी मेम्फिसच्या स्टॅक्स ह्या सोलच्या रेकॉर्ड कंपनीशी नातं जोडलं. पुरावा अगदीच नाही असं नाही, बारमधल्या दिवसांत हे लोक ओटिस रेडिंग, जेम्स ब्राउन ह्या सोल गायकांची गाणी वाजवायचेच, आणि नंतर कीबोर्डवर आलेला बेन टॅनर फेममधे इंजिनिअर होता. पण टॅनर आला बँडचा आवाज जमल्यावर, आणि त्याच बारमधे लेड झेपलिन आणि एसी/डीसी हे हार्ड रॉक बँडही तेवढ्याच जोरात वाजत होते, हे घराणंवाले सहसा सांगत नाहीत.

दुसरं मत त्या काळच्या रेट्रो-सोल लाटेचं. ब्रुकलिनची डॅपटोन कंपनी, शॅरन जोन्स, त्यांच्याच वादकांना घेऊन झालेला एमी वाइनहाउसचा २००६ चा अल्बम, ह्या ओळीत शेक्सना बसवायचं. हे मत वरवर पटतं, टेप दोन्हीकडे आहे. फरक असा की डॅपटोनवाले जुना आवाज अभ्यास करून, कपड्यांपासून ब्रासपर्यंत बेतून उभा करत होते, इथे मात्र गिटारच पुढे आहे, तीही थोडी ओबडधोबड, आणि वाजवणारे गॅरेज बँडसारखे वाजवतात. स्वतः बँडनेही सोल रिव्हायव्हल हे लेबल कधी मनापासून घेतलं नाही. एकूण बघता हा सोलच्या ओढीचा रॉक अल्बम म्हणावा, उलट नव्हे.

तिसरा धागा नंतर पुढे आला. सिस्टर रोझेटा थार्प (१९१५–१९७३) ही चर्चमधली भक्तिगीतं इलेक्ट्रिक गिटारवर गाणारी बाई, रॉकच्या पायाभरणीत तिचं नाव फार उशिरा घेतलं गेलं. २०१८ मधे तिला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममधे सामील केलं तेव्हा मानपत्राचं भाषण हॉवर्डनेच केलं आणि तिचं गाणंही म्हटलं. दोघींच्या हातात गिब्सनची एसजी गिटार हा योगायोग लोकांना फार आवडतो. ह्यावरून २०१२ च्या अल्बमवर थार्पचा प्रभाव सिद्ध होत नाही, पण कृष्णवर्णीय बाईने गिटार घेऊन रॉक गाणं ही 'जुन्याची नक्कल' नसून मुळातच तिच्या घरची गोष्ट आहे एवढं म्हणायला हरकत नसावी.

आवाजाबद्दल. सुरुवातीला प्रत्येक परीक्षणात १९६० च्या दशकातली रॉक गायिका जॅनिस जॉप्लिन हे नाव ठरलेलं, खरं तर हॉवर्डने स्वतः एसी/डीसीचा गायक बॉन स्कॉट ह्याचं नाव घेतलंय आणि ऐकताना ते जास्त पटतं, कारण ती खरखर रडवेली नाही, चिडवणारी आहे. ताकद निव्वळ मोठ्या आवाजात नाही. 'यू एन्ट अलोन' घ्या, दादऱ्यासारखा सहा मात्रांचा संथ झोका, सुरुवात जवळजवळ पुटपुटल्यासारखी, शब्द अर्धवट गिळलेले, मग एकाच स्वरावर थांबून ती त्याला दाबत दाबत वर नेते आणि शेवटाकडे आवाज चिरतो तो चिरू देते, झाकत नाही. तार सप्तकात सफाई दाखवणाऱ्या पॉप गायिका त्या काळात पुष्कळ होत्या, हा मामला वेगळा. 'बी माइन' मधे हाच चढ आणखी लांबवलाय. 'होल्ड ऑन' हे सगळ्यात गाजलेलं गाणं त्या मानाने साधं, एक गिटारची फिरत राहणारी ओळ आणि आपण बावीस वर्षांपर्यंत जगू असं वाटलं नव्हतं असं सांगणारे शब्द, ह्यातले शब्द आधी स्टेजवरच सुचत गेले असं सांगतात. 'हँग लूज', 'राइज टू द सन' वगैरे गाणी ठीक आहेत, शीर्षकगीत मात्र उगाच दुर्लक्षित राहिलं.

प्रसिद्धीचा क्रम इंटरनेटच्या काळाला धरून. जुलै २०११ मधे जस्टिन गेजच्या अ‍ॅक्वेरियम ड्रंकर्ड ह्या संगीत-ब्लॉगवर 'यू एन्ट अलोन' आलं, ते ऐकून ड्राइव्ह-बाय ट्रकर्स ह्या रॉक बँडच्या पॅटरसन हूडने बँडची शिफारस केली आणि सप्टेंबरात चार गाण्यांची ईपी (छोटी रेकॉर्ड) बँडने स्वतःच काढली. अल्बम बिलबोर्ड २०० ह्या अमेरिकेतल्या अल्बमच्या खपाच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत गेला, ब्रिटनमधे तिसऱ्या. रोलिंग स्टोन मासिकाने 'होल्ड ऑन'ला २०१२ चं सर्वोत्तम गाणं म्हटलं. २०१३ च्या ग्रॅमीत नवोदित कलाकार आणि रॉक परफॉर्मन्स ह्या गटांत नामांकन होतं, दोन्ही हुकलं. आक्षेप घेणारेही होते, गाण्यांपेक्षा आवाज मोठा आणि बाकीचं कच्चं असा त्यांचा सूर, आणि काही गाण्यांपुरता तो खराही आहे.

दुसरा अल्बम 'साउंड अँड कलर' (२०१५) निर्माता ब्लेक मिल्सबरोबर केला, तो बिलबोर्डवर पहिला आला, २०१६ मधे त्याला ग्रॅमी मिळाले, आणि त्यातला विस्कटलेला, अवकाशी आवाज ऐकून रेट्रोवाल्या मंडळींची पंचाईत झाली. २०१८ पासून बँड थांबला. हॉवर्डने बहिणीचं नाव देऊन 'जेमी' (२०१९) आणि त्यानंतर 'व्हॉट नाऊ' (२०२४) हे अल्बम एकटीच्या नावावर केले, 'जेमी'मधल्या 'स्टे हाय'ला २०२१ मधे सर्वोत्तम रॉक गाण्याचं ग्रॅमी मिळालं. डिसेंबर २०२४ मधे अलाबामातल्या टस्कलूसा इथे हॉवर्ड, फॉग आणि कॉकरेल ह्यांनी पुन्हा एकत्र वाजवलं.