पट्ट्यातला पीळ: मुलांच्या कार-सीटचा हार्नेस सपाट कसा ठेवायचा

कार-सीटच्या पट्ट्याला पडलेला पीळ सहसा डोळ्यांसमोर नसतो. तो खांद्यावरच्या गादीखाली लपतो, नाहीतर मुलाच्या कमरेशी, जिथे पट्टा सीटच्या आत शिरतो तिथे. सकाळी घोडबंदर रोडच्या गर्दीत शिरायच्या घाईत बक्कल खटकन लागलं की काम झालं असं वाटतं. पण पट्टा अंगावर कसा बसलाय, हे त्या आवाजावरून कळत नाही.

हिशेब करून बघा. गाडी ताशी 50 किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला सुमारे 14 मीटरने चालली आहे. पाम बीच रोडवर रात्री हा वेग कुणाला वेगच वाटत नाही. धडकेत ती सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर 12 किलोच्या मुलाला थोपवायला सरासरी 1,700 न्यूटनच्या आसपास बल लागतं, म्हणजे जवळपास 170 किलो वजनाइतकं. आजीने मांडीवर कितीही घट्ट धरलं तरी मूल का निसटतं, तेही याच आकड्यावरून कळतं. हार्नेस, म्हणजे मुलाला सीटला बांधणारे हे पट्टे, हा भार दोन खांदे, कमरेच्या दोन बाजू आणि मांड्यांमधला पट्टा यांवर वाटतो. पट्टा 38 मिलिमीटर रुंद आणि सपाट असेल तर भार तेवढ्या रुंदीवर पसरतो. पीळ पडून त्याची 12-13 मिलिमीटरची दोरी झाली, तर त्या जागी दाब तिप्पट होतो. शिवाय विणीतले सगळे धागे सारखे ताणले जात नाहीत. कडेच्या धाग्यांवर जास्त ताण येतो.

दुसरा धोका ढिलाईचा, आणि रोजच्या वापरात तोच जास्त घात करतो असं आमचं मत आहे. पिळलेला पट्टा सीटच्या पाठीतल्या खाचेत अडकतो. पट्टे घट्ट करायला सीटच्या पुढे लोंबणारी शेपटी ओढली की हाताला घट्ट लागते, पण तो ताण अडकलेल्या जागेपलीकडे पोचतच नाही. खांद्यावर दोन बोटांची ढिलाई तशीच राहते.

आता दुरुस्ती. पायजम्याची नाडी नेफ्यात ओवणाऱ्याला हे लगेच समजेल: दोन्ही टोकं बांधलेल्या पट्टीतला पीळ चोळून जात नाही, तो फक्त पुढेमागे सरकतो. हार्नेसचा पट्टा वर खांद्याच्या खाचेत आणि खाली कमरेपाशी अडकलेला असतो. मधे त्यावर बक्कलची चपटी चीप मोकळी सरकते. या चिपेला जीभ म्हणू. मुलाला घाईने उतरवताना जीभ उलटली, की तिच्या वरच्या भागात एका दिशेचा आणि खालच्या भागात विरुद्ध दिशेचा अर्धा पीळ पडतो. दोन्हींची बेरीज शून्य. म्हणून हा पीळ काहीही न उघडता निघतो.

आधी सीटच्या पुढच्या बाजूचं बटण दाबून दोन्ही खांद्यांचे पट्टे एकदम पुढे ओढा. ओढताना पट्टे धरा, गाद्या नकोत. भरपूर ढील मिळाली की बक्कल सोडा. अमेरिकेहून आणलेल्या सीटला छातीवर प्लास्टिकची क्लिप असते, तीही सोडा. मग अंगठा आणि तर्जनीत पट्टा धरून वरच्या खाचेपासून जिभेपर्यंत आणि जिभेपासून कमरेपर्यंत बोटं फिरवा आणि अर्धे पीळ मोजा. पीळ जिथे आहे तिथे पट्टा 45 अंशांत तिरपा दुमडा, समोशाची पहिली घडी घालतो तसा. घडी बोटांनी चापून धरा आणि जिभेची खाच तिच्यावरून सरकवा. खालचा पीळ वर जातो, वरच्या उलट्या पिळाला भेटतो आणि दोन्ही मिटतात. खाच अरुंद असेल तर घडी आणखी चेपा. स्क्रूड्रायव्हर किंवा पक्कड मात्र लावू नका, तिने धागे कापले जातात.

जिभेच्या एकाच बाजूला अर्धा पीळ असेल आणि जीभ कशीही फिरवली तरी बेरीज शून्य होत नसेल, तर एक टोक उलटं लागलेलं आहे. कव्हर धुऊन परत चढवल्यावर किंवा खांद्याची उंची बदलल्यावर हे हमखास होतं. तेव्हा सीट गाडीतून काढून मागची बाजू बघावी लागते. बऱ्याच सीटमध्ये तिथे धातूची एक छोटी पट्टी असते, तिच्या दोन कानांत खांद्याच्या पट्ट्यांचे शिवलेले फासे अडकवलेले असतात. आधी मोबाइलवर फोटो काढा. मग एकच फासा सोडा, पट्टा सरळ करा आणि फासा पूर्ण आत बसेल असा परत अडकवा. काही पट्ट्यांना लांबीप्रमाणे दोन फासे असतात. डावीकडे आणि उजवीकडे एकच क्रमांकाचा फासा हवा. मागची बाजू बंद असेल किंवा कमरेचं टोक धातूत शिवलेलं असेल, तर तिथे हात घालू नका, कंपनीच्या सेवा केंद्राला विचारा.

पीळ पुन्हा पडू नये म्हणून मूल उतरवल्यावर दोन्ही जिभा सीटच्या कडेच्या हुकात अडकवा. हुक नसेल तर पट्टे सीटच्या बाहेर सपाट सोडा. मूल पट्ट्यांवर बसलं की ओढाओढ होते आणि जीभ उलटते. बसवल्यावर आधी कमरेचा भाग वर ओढून मांड्यांवरची ढील काढा, मगच पुढची शेपटी ओढा. शेवटी गळ्याच्या हाडापाशी पट्टा उभा चिमटीत धरून बघा. कापड चिमटीत आलं, तर पट्टा अजून ढिला आहे.

पावसाळ्यात रेनकोटवरून पट्टा बांधू नका. कोटाच्या फुगीरपणाने पट्टा घट्ट भासतो, धडकेत मात्र कोट चेपतो आणि तेवढी ढील उघडी पडते. कोट उतरवा, बांधा, मग हवं तर पांघरूण घाला. ओले पट्टे सावलीत, पंख्याखाली वाळवा. दूध सांडलं तर सौम्य साबणाच्या ओल्या फडक्याने पुसा. पट्टे मशिनमध्ये धुणं, भिजत घालणं, ब्लीच आणि इस्त्री हे सगळं उत्पादक मना करतात, कारण पॉलिएस्टरच्या विणीची ताकद आणि ताण झेलण्याची पद्धत त्याने बिघडू शकते. बक्कलमध्ये बिस्किटाचा चुरा गेला असेल तर नुसत्या कोमट पाण्याने धुवा, तेल किंवा ग्रीस घालू नका.

मुरड कायमची बसली असेल, कडा उसवल्या असतील किंवा धागे केसाळ झाले असतील, तर तोच पट्टा चालवू नका. बॅगा शिवणाऱ्या कारागिराकडून नवा पट्टा शिवून घेणं तर अजिबात नको. त्या शिवणीची धडकेतली चाचणी कुणीच केलेली नसते. त्याच मॉडेलचा पट्टा कंपनीकडून मागवा. मिळत नसेल तर सीट बदला. 2019च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात 14 वर्षांखालच्या मुलाला सीटबेल्ट किंवा चाइल्ड सीटविना नेल्यास 1,000 रुपये दंड आहे, पण पट्टा पिळलेला आहे का, हे नाक्यावरचा पोलीस बघत नाही. ते गाडी काढण्याआधी, मुलाच्या खांद्यापासून कमरेपर्यंत बोट फिरवून आपणच बघायचं.