गाणं सिनेमात गेलं म्हणजे हातचं गेलं?

स्वतःची गाणी स्वतः काढणाऱ्याला हमखास ऐकवलं जातं, ‘सिनेमाला दिलंस ना, आता विसर ते गाणं.’ हा समज अर्धवट आहे.

एका गाण्यात दोन मालमत्ता असतात: शब्द-चालीची रचना आणि तिचं ध्वनिमुद्रण, म्हणजे मास्टर. आधीच केलेलं गाणं सिनेमात घ्यायचं तर निर्मात्याला सहसा दोन्हींचा परवाना लागतो. परवाना म्हणजे भाड्याने देणं, घर तुमचंच. करारात ‘एक्सक्लुझिव्ह’ (म्हणजे गाणं फक्त त्यांनाच वापरता येईल) असा शब्द दडलेला नाही ना आणि मुदत किती, एवढं मात्र बघा.

पार्श्वसंगीताचं वेगळं. ते मागणीबरहुकूम केलेलं, त्यामुळे बऱ्याचदा निर्मात्याच्या मालकीचं होतं. समजाचं मूळ इथेच असावं. तरीही कुठला तुकडा, किती सेकंद, कोणाचा, हे क्यू शीटवर लिहिलेलं असतं आणि प्रसारणाची रॉयल्टी त्यावरून वाटतात. तिथे नाव चुकलं की पैसे अडकले. (कंटाळवाणा कागद, पण मी आधी तोच मागेन.)

आणि श्रेय? बर्न करारात, म्हणजे कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारात, १९२८ साली आलेल्या कलमानुसार, आर्थिक हक्क विकल्यावरही ‘ही रचना माझी’ म्हणण्याचा हक्क रचनाकाराकडे उरतो. अंमल मात्र देशागणिक बदलतो.