कोलॅबोरेटिव्ह की कम्युनिटी ऑफ प्रॅक्टिस?

अनेक रुग्णालयं असलेल्या संस्थेत 'एकमेकांकडून शिकायचं' ठरलं की बहुतेकदा या दोन्हींची खिचडी होते.

कोलॅबोरेटिव्ह म्हणजे अनेक रुग्णालयांच्या टीमनी मिळून राबवलेली सुधारणेची मोहीम. तिला एकच प्रश्न आणि ठरलेली मुदत असते. इन्स्टिट्यूट फॉर हेल्थकेअर इम्प्रूव्हमेंट या अमेरिकी संस्थेने १९९५ मध्ये आखलेल्या पद्धतीत ती ६ ते १५ महिन्यांची आहे: सगळ्या टीम एकत्र येतील अशी तीन सत्रं आणि मधल्या काळात आपापल्या वॉर्डात काम. समजा, विषय आयसीयूतल्या सेंट्रल लाइनच्या (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीच्या) संसर्गाचा आहे. लाइन घालताना नर्सने चेकलिस्ट वाचायची आणि पायरी चुकली तर डॉक्टरला थांबवायचं, हा बदल आधी एकाच शिफ्टमध्ये, एकाच रुग्णावर करून बघतात. अडलं तिथे दुरुस्ती, मग पुढची शिफ्ट.

खरी गोची मोजमापात होते. दर १००० लाइन-दिवसांमागे (एका रुग्णाला लाइन असलेला एक दिवस म्हणजे एक लाइन-दिवस) संसर्ग किती, हे काढताना एका ठिकाणी लाइन-दिवस रोज ठरावीक वेळी मोजतात, दुसरीकडे महिनाअखेरीस अंदाजाने भरतात. मग तुलनेला अर्थच उरत नाही. व्याख्या पहिल्या सत्राआधीच पक्की करावी. रन चार्टवर (काळानुसार आकडे दाखवणाऱ्या आलेखावर) मध्यकाच्या एकाच बाजूला सलग सहा बिंदू आल्याशिवाय सुधारणा झाली म्हणू नये. एका चांगल्या महिन्यावर हुरळणारे वरिष्ठ सगळीकडे भेटतात. संसर्ग मुळातच क्वचित होत असतील तर दोन संसर्गांमधले दिवस मोजावेत, नाहीतर चार्टवर नुसती शून्यांची रांग दिसते.

कम्युनिटी ऑफ प्रॅक्टिस (ही कल्पना १९९१ मध्ये लेव्ह आणि वेंगर या अभ्यासकांनी मांडली) म्हणजे एकच काम करणाऱ्यांचा ऐच्छिक गट. उदाहरणार्थ, सगळ्या रुग्णालयांतल्या जखमांची देखभाल करणाऱ्या नर्स. तिथे मुदत नसते, उद्दिष्टाचा आकडाही नसतो. कुणाची तरी न भरणारी जखम हाच त्या दिवसाचा विषय. लागतं ते एवढंच: ड्युटी रोस्टरमध्ये राखून ठेवलेला वेळ असलेली एक समन्वयक, आणि सुटलेले प्रश्न पुन्हा सापडतील अशी जागा. विभागप्रमुख येऊन बसले की 'मला हे जमत नाही' म्हणणारे गप्प होतात. मासिक अहवाल मागितला की उरलेलेही पांगतात.

कोलॅबोरेटिव्ह संपताना चेकलिस्टमागचं ज्ञान अशा गटाकडे जरूर द्यावं. संसर्गाचा आकडा मात्र आयसीयूच्या इन्चार्ज सिस्टरच्या नावावरच ठेवावा. ऐच्छिक गटाला त्याचा जाब विचारता येत नाही.