श्रवणसज्जता

श्रवणसज्जता : आवाज कानावर पडण्याआधीच तो टिपण्यासाठी मेंदूने केलेली तयारी. कोण बोलणार, कुठल्या बाजूने बोलणार याचा जरासा अंदाज असला तरी ती सुरू होते. 'कानात प्राण आणून ऐकणे' या वाक्प्रचारात ही अवस्था फार नेमकी पकडली आहे.

नागपूर स्थानकात हावडा–मुंबई आणि दिल्ली–चेन्नई हे लोहमार्ग एकमेकांना छेदतात, त्यामुळे घोषणांना खळ नसतो. फलाटावर गप्पांत रंगलेली बाई त्यांतल्या बहुतेक कानांआड करते. पण तिची विदर्भ एक्स्प्रेस यायची वेळ झाली आणि घोषणेआधीची टिंगटाँग वाजली, की ती वाक्य अर्धवट सोडते, मान किंचित कलती करते, 'चूप राय, आयकू दे' म्हणून पोराला दटावते. फलाटाचा आकडा अजून उच्चारलेलाही नसतो.

अशा क्षणी मेंदूत काय चालते, याचा पहिला ठोस पुरावा १९६४ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ ग्रे वॉल्टर आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे दिला. पूर्वसूचनेचा 'टक्' आवाज आणि त्यानंतरचा, प्रतिसाद द्यावा लागणारा संकेत, यांच्या मधल्या वेळात ईईजीवर, म्हणजे मेंदूतील विद्युत् लहरींच्या आलेखावर, एक संथ ऋण लहर उमटते. तिला अपेक्षा-तरंग म्हणतात. बाजू आधी कळली तर सेकंदाला सुमारे ८ ते १२ आवर्तनांच्या अल्फा लहरीही बदलतात. मेंदूचा प्रत्येक गोलार्ध मुख्यतः विरुद्ध बाजूचा आवाज हाताळतो; डावीकडचा आवाज हवा असेल, तर डाव्या गोलार्धात त्या वाढतात आणि उजव्यात ओसरतात. नको असलेल्या बाजूचे दार लोटून घेण्याचा हा प्रकार असावा, असे मानले जाते. दिशेची वाट पाहताना आणि आवाजाच्या पट्टीची वाट पाहताना मेंदूचे वेगवेगळे भाग जागे होतात, ही मला यातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते : तयारी सरसकट नसते, कामापुरती बेतलेली असते.

या तयारीला वेळ लागतो. अनेक जण एकाच वेळी बोलत असताना, कोणाकडे लक्ष द्यायचे हे एखाद-दोन सेकंद आधी समजले तर शब्द अधिक नीट कळतात. श्रवणदोष असलेल्या मुलांमध्ये ही पूर्वतयारी क्षीण आढळली आहे. आवाज मोठा केल्याने त्यांची अडचण पूर्ण सुटत नाही, त्यामागे हेही एक कारण असू शकते. नागपूरच्या बर्डी (सीताबर्डी) बाजाराच्या गर्दीत ऐकू कमी येणाऱ्या आजोबांशी बोलताना म्हणून आधी खांद्याला हात लावावा, समोर यावे, 'आजोबा' म्हणून हाक मारावी, त्यांनी मान वळवेपर्यंत थांबावे. बस कुठून सुटते ते मग सांगावे.