सातबाऱ्यावर बायकोचं नाव: लक्ष्मी मुक्ती योजनेतून नोंद कशी करायची

पेरणी, खुरपणी, वेचणी, मळणी या सगळ्यात बाईचा हात असतो, पण शेताचा मालक म्हटलं की डोळ्यांपुढे पुरुषच येतो. कागदावरही तेच दिसतं. 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या एकूण खातेदारांमध्ये स्त्रिया सुमारे 14 टक्केच निघाल्या. सातबाऱ्यावर नाव नसेल तर पीककर्ज, पीकविमा, शेतकरी म्हणून नोंदणी, प्रत्येक ठिकाणी तिला नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावाने उभं राहावं लागतं. जमीन विकली गेल्याचं तिला कधीकधी नवा मालक बांधावर आल्यावर कळतं.

हे बदलायचा एक बिनखर्चाचा मार्ग महाराष्ट्रात 1992 पासून आहे. शेतकरी संघटनेने 1986 साली चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन भरवलं. पुढे संघटनेचे नेते शरद जोशींनी 'लक्ष्मी मुक्ती'ची हाक दिली आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन करायला सुरुवात केली. त्याच नावाने शासनाने सोय करून दिली: नवऱ्याने स्वेच्छेने अर्ज केला तर सातबाऱ्यावर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. त्यासाठी मुद्रांक शुल्क नाही आणि दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधकाकडे जाण्याचीही गरज नाही.

कोण अर्ज करू शकतं

अर्ज नवऱ्यानेच करायचा असतो, तोही त्याच्या हयातीत. बायको एकटी अर्ज करून नाव लावून घेऊ शकत नाही. जमीन त्याच्या स्वतःच्या नावावर हवी. वडिलांच्या नावावर किंवा भावांसोबत सामाईक खात्यात असेल, तर आधी वाटप करून त्याचा हिस्सा वेगळा व्हायला हवा. इथेच बरेच अर्ज अडतात, म्हणून अर्ज लिहिण्याआधी ताजा सातबारा आणि आठ-अ (एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा उतारा) काढून भोगवटादार, म्हणजे जमिनीचा धारक, म्हणून कुणाकुणाची नावं आहेत ते वाचा. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर 15 रुपयांत मिळतो.

जमीन भोगवटादार वर्ग 2 ची असेल, म्हणजे इनामाची, कूळकायद्यात मिळालेली किंवा सरकारने दिलेली, तर तिच्या हस्तांतरणावर अटी असतात. तेव्हा आधी तहसील कार्यालयात विचारून घ्या. सोसायटीच्या किंवा बँकेच्या कर्जाचा बोजा असेल तर नाव लागलं म्हणून तो उतरत नाही. बँकेला आधी कळवलेलं बरं.

कागदपत्रं

चालू सातबारा व आठ-अ, दोघांचं आधार कार्ड, लग्न झाल्याचा पुरावा आणि नवरा राजीखुशीने हिस्सा देतोय असं सांगणारं प्रतिज्ञापत्र एवढं साधारण लागतं. लग्नाच्या पुराव्यावर बायका फार अडतात, कारण जुनी लग्नं नोंदवलेलीच नसतात. विवाह नोंदणी दाखला असेल तर उत्तम. नसेल तर दोघांची नावं असलेलं रेशनकार्ड किंवा ग्रामपंचायतीचा दाखला चालेल का, हे तलाठ्याला विचारा. आणि एक मनापासून सांगणं: आधारवर तिचं जे नाव आहे, तेच अक्षरशः अर्जात लिहा. माहेरचं नाव, सासरी बदललेलं नाव आणि आधारवरचं नाव अशी तीन नावं तीन कागदांवर असली की पुढे कर्जाच्या वेळी तिचीच दमछाक होते.

अर्ज दिल्यावर

अर्ज तलाठ्याकडे (या पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे) किंवा तहसीलदारांकडे द्या आणि पोच घ्याच. तलाठी फेरफार नोंदवहीत, म्हणजे सातबाऱ्यावरचे बदल जिथे लिहिले जातात त्या गाव नमुना 6 मध्ये, नोंद धरतो. संबंधितांना नोटीस जाते, ती चावडीवरही लागते, आणि हरकतीसाठी 15 दिवसांची मुदत असते. 'आपली चावडी' या संकेतस्थळावर ही नोटीस घरबसल्या पाहता येते. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि सातबाऱ्यावर नाव येतं. दीर किंवा सासऱ्याने हरकत घेतली, तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाऊन सुनावणी होते. निकाल विरोधात गेला तर 60 दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करता येतं.

नाव लागल्यावर सातबारा पुन्हा काढा आणि ते कोणत्या रकान्यात आहे ते पाहा. भोगवटादाराच्या रकान्यात हवं. 'इतर अधिकार'मध्ये टाकलेलं नाव खातेदाराच्या जागी चालत नाही. वर्षानुवर्षं विधवा आणि बहिणींची नावं याच रकान्यात ढकलली गेली आहेत, आणि बहुतेकींना त्याचा पत्ताही नसतो.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सातबारा हा महसुली अभिलेख आहे. फेरफारामुळे मालकी हक्क निर्माण होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितलं आहे. तिचं नाव भोगवटादार म्हणून असलं की तिच्या सहीशिवाय अख्खी जमीन परस्पर विकणं अवघड होतं, हा या नोंदीचा मोठा उपयोग आहे. पण नवऱ्याला पक्का हक्क द्यायचा असेल तर नोंदणीकृत बक्षीसपत्र करावं. पत्नीला शेतजमीन बक्षीस देताना राज्यात मुद्रांक शुल्क 200 रुपयेच आहे. नोंदणी फी आणि काही ठिकाणी स्थानिक अधिभार वेगळा. पैशाची सोय असेल तर माझ्या मते हाच मार्ग धरावा.

पीएम किसानबद्दल गैरसमज नको. ती मदत कुटुंबाला एकच मिळते, त्यामुळे बायकोचं नाव लागलं म्हणून दुसरे 6,000 रुपये येत नाहीत.

नवरा हयात नसेल तर

लक्ष्मी मुक्ती लागू होत नाही. तिथे वारस नोंद करायची, आणि ती कुणाच्या मेहेरबानीने होत नाही. हिंदू वारसा कायद्याने, मृत्युपत्र नसेल तर पतीच्या हिश्शात पत्नी, मुलगे, मुली आणि त्याची आई यांना सारखा वाटा आहे. मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती देऊन तीन महिन्यांत तलाठ्याकडे अर्ज करा. ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइनही करता येतो. मुदत उलटली तरी हक्क बुडत नाही. 2025 मध्ये शासनाने 'जिवंत सातबारा' मोहीम काढली ती अशाच रखडलेल्या नोंदींसाठी.

या काळात घरातलं कुणी सहीसाठी कागद पुढे करेल, तो हक्कसोडपत्र आहे का ते आधी वाचून घ्या. दुःखात असलेल्या बाईकडून तेराव्याच्या आत सही घेण्याची घाई कुणालाही नसावी. स्थावर मिळकतीवरचा हक्क सोडायचा तर दस्ताची नोंदणी लागते. साध्या कागदावर किंवा नुसत्या स्टॅम्पपेपरवर केलेली सही त्यासाठी पुरत नाही, आणि ती कुणी मागितली तर नाही म्हणण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे.