रोल्स की बेंटली? फरक नाकापुरता

भाऊजींच्या वाड्यात, पूर्वी जिथं बंडी आणि वखर-डवरे ठेवत त्या टिनाच्या शेडमध्ये, १९७२ सालची बेंटली उभी असते. एका अंगाला संत्र्याचे रिकामे क्रेट, दुसऱ्या अंगाला फवारणीचे पंप आणि मधोमध जुन्या सतरंजीखाली ती. विदर्भातल्या वरुडच्या बाजूचं गाव. येणाऱ्यांपैकी निम्मे तिला "मोठी अँबेसिडर" म्हणतात, निम्मे "रोल्स रॉइस". भाऊजी अँबेसिडरवर हसतात आणि रोल्सवर चिडतात. मला वाटतं उलट व्हायला हवं, कारण रोल्स म्हणणारा जवळजवळ बरोबरच असतो.

रोल्स-रॉइसनं १९३१ मध्ये बुडत्या बेंटलीला विकत घेतलं आणि पुढं दोन्ही नावांच्या गाड्या हळूहळू जुळ्या बहिणींसारख्या होत गेल्या. १९६५ मध्ये रोल्सची सिल्व्हर शॅडो आणि बेंटली टी एकदमच आल्या, तेव्हा वेगळं असं नाकच तेवढं उरलं होतं. इंग्लंडातल्या क्रू इथला एकच कारखाना, एकच सांगाडा, एकच इंजिन. वेगळ्या चेसीऐवजी, म्हणजे खालच्या लोखंडी चौकटीऐवजी, सगळा भार बॉडीनंच पेलायचा, ही रीत या घराण्यात याच जोडीपासून सुरू झाली. शॅडोचं नाव आधी 'सिल्व्हर मिस्ट' ठरत होतं असं सांगतात. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की जर्मनमध्ये 'मिस्ट' म्हणजे शेणखत. आमच्याकडे ते नाव उलट खपलं असतं. शेणखताची ट्रॉली आजकाल काय भावानं जाते ते विचारा.

तर नाक. रोल्सची जाळी देवळाच्या दर्शनी खांबांसारखी: चौकोनी, कोपरे टोकदार, माथ्यावर पंखांसारखी वस्त्रं मागे सोडलेली ती प्रसिद्ध धातूची बाई. बेंटलीची जाळी खांद्याला गोल, मधून उभी पट्टी, वर पंखांमधला 'बी'. बॉनेटची पुढची घडी ज्या-त्या जाळीला जुळवलेली, चाकांच्या टोप्यांवरची अक्षरं वेगळी. संपलं. रोल्सची जाळी बनवायला जास्त खटपटीची, म्हणून नवी असताना बेंटली किंचित स्वस्त मिळे. तरी लोकांनी पैसे मोजले ते बाईसाठीच. शॅडो संख्येनं पंचवीस हजारांच्या घरात बनल्या, बेंटली टी अडीच हजारांच्याही आत.

घेणारा नेमका इथंच फसू शकतो. जाळी आणि बॉनेट बदललं की बेंटलीची रोल्स होते, आणि फोटोत कळतही नाही. म्हणून आधी चेसी नंबर पाहायचा. साध्या लांबीच्या गाडीचा नंबर एसआरएचनं सुरू झाला तर रोल्स, एसबीएचनं झाला तर बेंटली. म्हणजे मधलं अक्षर वाचायचं. शेवटचा 'एच' उजव्या हाताच्या स्टेअरिंगचा, डाव्या हाताची असेल तर तिथं बहुधा 'एक्स'. नंबर एक सांगतो आणि नाक दुसरंच, तर तो सौदा तिथंच सोडावा.

नाकाच्या मागं मात्र दोघींचं सगळं सारखं. आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन, सुरुवातीला ६२३० सीसीचं, १९७० पासून ६७५० सीसीचं. ताकद किती, हे कंपनी सांगत नसे. विचारलं तर उत्तर असे 'पुरेशी'. आमच्याकडे सोयरिकीच्या बैठकीत मोठा शेतकरी "हाय आपली पोटापुरती" म्हणतो, अगदी तसंच. दोन टनांहून जड गाडी लिटरला चार-पाच किलोमीटर देते. वरुडहून नागपूरला एकदा जायचं म्हणजे वीस-पंचवीस लिटर पेट्रोल, परतीचं वेगळं.

मग हिचं करायचं काय? एकदा मागं बसून पाहा. सासूबाईंना नागपूरला दवाखान्यात नेलं तेव्हा जलालखेडा मागं पडल्यावर त्या म्हणाल्या, "बाप्पा, गाडी निघाली कवा?" रस्ता डागडुजीचा, ठिगळाठिगळाचा, आत फक्त एक लांब, मऊ झोका. मागं तीन भरदार माणसं बसली की खाली दबलेला मागचा भाग थोड्या वेळात आपोआप वर येतो. ही करामत हायड्रॉलिकची आहे. फ्रान्सच्या सिट्रोएन कंपनीकडून परवाना घेऊन ती यंत्रणा बसवली होती, आणि गाडी समतल ठेवण्याच्या कामाबरोबर ब्रेकही त्याच दाबावर चालतात.

सुख जिथून येतं, दुखणंही तिथूनच. इंजिनावर चालणारे दोन पंप तेल दाबतात, तो दाब गोल टाक्यांमध्ये वायूच्या फुग्यासारखा साठतो आणि ब्रेक मारला की वापरला जातो. टाक्या म्हाताऱ्या झाल्या की साठा टिकत नाही. याची परीक्षा सोपी आहे, पाना-पक्कड काही लागत नाही. इंजिन थोडा वेळ चालवा, बंद करा, चावी पुन्हा नुसती चालूवर ठेवा आणि ब्रेक दाबत मोजत जा. चांगल्या गाडीत डॅशबोर्डवरचा दाबाचा दिवा लागायला खूप वेळ लागतो. पाच-सहा दाबांतच लागला तर तुम्ही गाडी घेत नसून गॅरेजचं बिल घेत आहात. ही परीक्षा रोल्सला लागू, बेंटलीलाही. जाळीकडे टक लावून पाहणारे गिऱ्हाईक नेमकी हीच विसरतात.

आता तेलाची भानगड. या दोघींना 'आरआर ३६३' नावाचं खास ब्रेक ऑइल लागतं, साध्या ब्रेक ऑइलच्याच जातीचं, पण पंपाला वंगण म्हणून त्यात एरंडेल मिसळलेलं. आणि १९८० मध्ये आलेल्या रोल्सच्याच सिल्व्हर स्पिरिटला लागतं खनिज तेल. एकाचं दुसऱ्यात पडलं की रबरी सील फुगतात आणि अख्खी यंत्रणा उपसावी लागते. तालुक्याच्या गावी एका मेकॅनिकनं भाऊजींच्या गाडीत ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचं, म्हणजे खनिजच, तेल ओतायला झाकण उघडलंच होतं. "हायड्रॉलिक म्हंजे हायड्रॉलिक, भाऊ. काहून भेता?" भाऊजींनी त्याचा हात धरला, अक्षरशः. तेव्हापासून झाकणावर चिकटपट्टी लावून ठळक लिहून ठेवलंय: हात लावू नये.

विदर्भाचं हवामान तिला निम्मं मानवतं. विलायतेत या गाड्यांना गंज खातो, चाकांवरच्या कमानी आणि दाराखालचे उंबरठे आधी जातात. आमच्या कोरड्या हवेत पत्रा टिकतो. पण मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की डॅशबोर्डच्या अक्रोडी लाकडावरची पॉलिश तडकते, कातडी सीट वाळून कडक होतं आणि गरम इंजिनाजवळ पेट्रोलची नळीतच वाफ होऊन गाडी चौकात रुसून बसते. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. जुन्या रबराच्या नळ्या ते सोसत नाहीत, सगळ्या बदलाव्या लागल्या. उंदरांनी कुरतडलेल्या वायरिंगचं मी मोजतच नाही.

मग नाकाला काहीच अर्थ नाही का? गावात आहे, आणि तो किमतीपेक्षा मोठा आहे. रोल्स घेऊन गावात राहणं म्हणजे कायम दारात बसून राहणं. नवरदेवासाठी द्या, साहेबांच्या मिरवणुकीला द्या, नाही म्हटलं की माणूस माजला. बेंटली कुणी ओळखत नाही, म्हणून कुणी मागत नाही. भाऊजींनी 'रोल्स' शब्दावर चिडण्याचं खरं कारण मला तेच वाटतं. शिवाय २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांपुढची गाडी विंटेज म्हणून नोंदवली (नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, नव्या नोंदणीला २०,००० रुपये), तर ती प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. भाड्यानं वरातीला देणं त्यात बसत नाही. तसं काटेकोर इंग्रजी हिशेबानं ही 'विंटेज' नव्हेच; तिकडे तो शब्द १९३० पर्यंतच्या गाड्यांसाठी राखून ठेवलाय. मला कुणी विचारलं तर खेड्यासाठी बेंटलीच सांगीन, तीही नाकात फार जीव नसलेल्या माणसाला.

मागच्या पोळ्याला नागपूरचे एक गृहस्थ त्यांची सिल्व्हर शॅडो घेऊन आले होते. दोघी शेडसमोर शेजारी-शेजारी लावल्या. झूल घातलेल्या बैलांच्या रांगेतून सुटलेली पोरं सरळ रोल्सकडे, त्या बाईला हात लावायला. बेंटलीच्या बॉनेटवर कुणीतरी बेगडाचा पुडा ठेवून गेलं. निघायच्या वेळी शॅडोचा दाबाचा दिवा लागला, पाहुण्यांचा चेहरा उतरला. दोन्ही बॉनेट उघडी झाली. भाऊजींनी कोनाड्यातून आपला राखीव डबा काढला, बॅटरीच्या उजेडात त्यावरचे आकडे दोनदा वाचून दाखवले आणि मगच तेल ओतलं.